आजोबांची तीच ती गोष्ट: बढाई, आठवण की आजाराची खूण?

रक्तदाब मोजायला दंडाला पट्टा गुंडाळला की पुष्कळ ज्येष्ठ मंडळींना बोलावंसं वाटतं. "डॉक्टर, शिवाजी पार्कवर मी अजित वाडेकरांना बॉलिंग टाकलीय बरं का!" "आमच्याकडच्या पुरणपोळीचं एका मुख्यमंत्र्यांनी नाव काढलं होतं." "तीस वर्षं एसटी चालवली, गाडीला साधा ओरखडा नाही." मोजताना बोललं तर वरचा आकडा सहज दहानं वाढू शकतो, म्हणून पट्टा सुटेपर्यंत मी त्यांना थांबवतो. पट्टा सुटला की म्हणतो, "हं, आता सांगा."

सोबत आलेल्या मुलाचा किंवा सुनेचा चेहरा अशा वेळी बघण्यासारखा असतो. "बाबा, डॉक्टरांना वेळ नसतो." "आई, पुरे आता, बाहेर लोक थांबलेत." त्यांचंही फारसं चुकत नाही. ती गोष्ट त्यांनी शंभरदा ऐकलेली असते. पण माझं मत जरा वेगळं आहे आणि आजचा लेख त्याबद्दलच आहे. माणूस आयुष्यभर जी एक गोष्ट मिरवतो, ती त्याच्या प्रकृतीच्या इतिहासाचाच भाग असते. साखर किती, क्रिएटिनिन किती हे जसं फाईलमध्ये लिहिलेलं असतं, तशी ही गोष्टही एका ओळीत लिहिलेली असावी. त्यातून पेशंट कोण आहे हे कळतं, कधी कधी त्याला काय झालंय हेही कळतं.

या गोष्टी असतात तरी कशा?

ऐकता ऐकता लक्षात येतं की यांचे साधारण तीन प्रकार असतात.

पहिला, मोठ्या माणसाचा सहवास. कुणी एखाद्या नामवंत गायकाच्या मैफलीत तंबोऱ्याला बसलेलं असतं, कुणी एखाद्या खेळाडूच्या वर्गात असतं, कुणाचं आडनाव एखाद्या मंत्र्याच्या आडनावाशी जुळतं.

दुसरा, मोठ्या घटनेत आपण हजर होतो हा. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं पाणी पुण्यात शिरलं तेव्हा आपण कुठे होतो, हे त्या पिढीतले पुणेकर आजही तासन् तास सांगू शकतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा मदतीला धावून गेलेले लोकही तसंच सांगतात. वाई-मेणवली भागात 'गंगाजल', 'स्वदेस' अशा चित्रपटांची शूटिंग झाली. त्या भागात "गर्दीत मीपण आहे" म्हणणारा माणूस भेटला तर नवल वाटायला नको. गर्दीचीच गोष्ट काढायची तर 'गांधी' चित्रपटाची काढायला हवी. ३१ जानेवारी १९८१ ला दिल्लीच्या राजपथावर अंत्ययात्रेचं दृश्य चित्रित झालं, तेव्हा तिथे जवळपास तीन लाख माणसं जमली होती. पडद्यावर ते दृश्य काही क्षणांत संपतं आणि त्यातलं एखादं डोकं ओळखणं अवघडच. तरीही तीन लाख घरांत "आम्ही 'गांधी'मध्ये काम केलंय" हे वाक्य बोललं जाऊ शकतं, आणि ते खोटं नसतं.

तिसरा प्रकार मला सगळ्यात आवडतो. स्वतः केलेल्या कामाचा. विनाअपघात चालवलेली एसटी, वाडीवस्तीवर केलेली बाळंतपणं, शाळेला एकही खाडा न करता काढलेली पस्तीस वर्षं, पन्नास वेळा केलेलं रक्तदान. यात कुणी मोठा माणूस नसतो, वर्तमानपत्रात बातमी नसते. ही गोष्ट माणूस सगळ्यात शेवटी आणि थोडं लाजून सांगतो.

सांगावंसं का वाटतं?

स्वतःबद्दल बोलण्यात मेंदूला आनंद मिळतो, हे आता मोजून दाखवलेलं आहे. हार्वर्ड विद्यापीठातल्या डायना तामीर आणि जेसन मिचेल यांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोक स्वतःची मतं, स्वतःची माहिती सांगत असताना त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. खाणं, पैसा अशा गोष्टींनी मेंदूची जी केंद्रं सुखावतात, तीच इथेही जागी झाली. स्वतःबद्दल सांगायची संधी मिळावी म्हणून थोड्या पैशांवर पाणी सोडायलाही लोक तयार झाले. तेव्हा "यांना बोलायची फार हौस" असं म्हणताना लक्षात ठेवा, ही हौस आपल्या सगळ्यांच्या मेंदूत असते.

मग दुसऱ्याच्या मोठेपणाचा आधार कशाला? याचंही उत्तर मानसशास्त्रात आहे. अमेरिकेतले रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली विद्यार्थ्यांचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की पुढच्या सोमवारी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढायचे. जिंकलेल्या सामन्याबद्दल बोलताना "आपण जिंकलो" आणि हरलेल्या सामन्याबद्दल "ते हरले" अशी भाषा व्हायची. आपल्याकडे क्रिकेटच्या दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर उभं राहिलात तर हाच प्रयोग फुकट बघायला मिळेल.

चंद्राला स्वतःचा प्रकाश नसतो, तरी पौर्णिमेला आपण कौतुकानं चंद्राकडेच बघतो. परप्रकाशित मोठेपण हे असं असतं. त्यात कुणाचं नुकसान नाही. खचलेल्या मनाला ते थोडा टेकू देतं. म्हणून अशा गोष्टीला "त्यात तुमचं काय कर्तृत्व?" असं विचारून कापून टाकू नये. त्या माणसाला ते माहीत असतं.

म्हातारपणीच जास्त का?

याला तीन कारणं आहेत.

पहिलं कारण स्मरणशक्तीच्या रचनेत आहे. पन्नाशी-साठी उलटलेल्या माणसाला आयुष्यातल्या आठवणी सांगायला सांगितल्या, तर त्यात साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणींची गर्दी दिसते. पहिली नोकरी, पहिला मोठा प्रवास, लग्न, तरुणपणी अनुभवलेली मोठी घटना, हे सगळं पहिल्यांदाच घडलेलं असतं, म्हणून ते पक्कं रुजतं. साठीनंतरचे मंगळवार आणि बुधवार एकमेकांसारखेच असतात.

दुसरं कारण निवृत्तीचं. काल ज्याच्या सहीशिवाय फाईल हलत नव्हती, त्याला आज घरात रिमोटही विचारून घ्यावा लागतो. बाईंना अख्खं गाव ओळखायचं, आता त्या मुलाच्या शहरातल्या फ्लॅटमध्ये "अमक्याच्या आई" असतात. अशा वेळी ती जुनी गोष्ट ओळखपत्रासारखी खिशातून बाहेर येते.

तिसरं कारण अधिक खोल आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली एक महत्त्वाचा लेख लिहिला. त्या काळी म्हातारी माणसं जुन्या आठवणी काढत बसली की ते मेंदू थकल्याचं लक्षण मानलं जायचं. बटलर यांनी सांगितलं की आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यावर माणूस आपल्या जगण्याचा हिशेब लावत असतो आणि हे नैसर्गिक व गरजेचं काम आहे. हेच बटलर पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेचे पहिले संचालक झाले. तेव्हा आजोबा तीच गोष्ट पुन्हा काढतात तेव्हा ते ताळेबंद जुळवत असतात असं समजा. जमेच्या बाजूला काहीतरी आहे, याची त्यांना खात्री करून घ्यायची असते.

कॅनडातले डॉ. हार्वे चोचिनोव्ह यांनी यावरूनच शेवटच्या आजारातल्या रुग्णांसाठी एक पद्धत बसवली. रुग्णाला त्याच्या आयुष्यातल्या महत्त्वाच्या गोष्टी, अभिमानाच्या गोष्टी, मागे राहणाऱ्यांना सांगायच्या गोष्टी विचारायच्या, त्या लिहून काढायच्या आणि तो मजकूर घरच्यांसाठी त्याच्या हातात द्यायचा. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शंभर रुग्णांच्या अभ्यासात, आपला मान वाढल्यासारखं वाटलं असं ७६ टक्के रुग्णांनी सांगितलं. यानं कॅन्सर बरा होत नाही, तसा दावाही नाही. पण मरणाच्या दारातल्या माणसाला "मी कुणीतरी होतो" असं वाटणं ही काही छोटी गोष्ट नव्हे.

गोष्ट दरवेळी थोडी वाढते, ती थाप असते का?

"मागच्या वेळी तीन विकेट होत्या, आता पाच झाल्या!" अशी तक्रार नातवंडं हसत हसत करतात. मेंदूतली आठवण कपाटातल्या फोटोसारखी नसते. ती दरवेळी नव्यानं जुळवली जाते आणि जुळवताना इकडचा तुकडा तिकडे बसतो.

१९८६ साली अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर लगेच फुटलं. मानसशास्त्रज्ञ उलरिक नायसर आणि निकोल हार्श यांनी दुसऱ्या दिवशीच विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, की ही बातमी तुम्हाला कुठे, कशी कळली. काही वर्षांनी त्याच विद्यार्थ्यांना तेच विचारलं. बऱ्याच जणांची उत्तरं पहिल्या उत्तरांशी जुळेनात, काहींची तर पूर्ण वेगळी होती. गंमत म्हणजे त्यांना आपल्या आठवणीची खात्री मात्र पक्की होती. ही विशी-बाविशीची मुलं होती. मग साठ वर्षांपूर्वीच्या सामन्यात दोन विकेट वाढल्या तर आजोबांना खोटं पाडायला जाऊ नका. कोर्टात साक्ष द्यायची असेल तर गोष्ट वेगळी.

डॉक्टरला त्यातून काय कळतं?

१७०० साली इटलीतले डॉक्टर बर्नार्दिनो रामाझिनी यांनी कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि आपल्या व्यवसायबंधूंना सांगितलं, की पेशंटला बाकीच्या प्रश्नांबरोबर एक प्रश्न जरूर विचारा: तुम्ही काम काय करता? आज फॉर्मवर 'व्यवसाय' असा रकाना असतो आणि त्यात ज्येष्ठांपुढे 'निवृत्त' एवढंच लिहिलेलं असतं. तिथे माहिती संपते. मिरवायच्या गोष्टीत ती पुन्हा सुरू होते.

समजा एक काका सांगतात, "गिरणीत मी एका वेळी चार साचे सांभाळायचो." साच्यांच्या खात्यात म्हणजे मागांच्या खडखडाटात त्यांनी आयुष्य काढलंय. त्या आवाजानं कानाची नस कमजोर होते, विशेषतः बारीक आणि उंच आवाज ऐकू येईनासे होतात. आता घरचे म्हणताहेत, "बाबा हल्ली विसरतात, विचारलं एक की सांगतात दुसरं." हा स्मृतिभ्रंश असू शकतो. पण आधी कानांची तपासणी करायला हवी, हे मला त्या साच्यांनी सांगितलं. न ऐकलेली गोष्ट लक्षात राहणार कशी? शिवाय ऐकू न येणं हे पुढे डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या आणि टाळता येण्याजोग्या कारणांपैकी एक मानलं जातं. श्रवणयंत्र वेळेत लावणं म्हणूनच महत्त्वाचं.

दगडखाणीत सुरुंग लावण्याची फुशारकी मारणाऱ्याच्या धापेकडे मी वेगळ्या नजरेनं बघतो, कारण दगडाची धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात साचत असते. कुस्ती मारलेला पैलवान "गुडघ्याला कधीतरी मार लागला होता" म्हणतो तेव्हा त्या 'कधीतरी'चा अर्थ कळतो.

आणखी एक उपयोग आहे. ज्यांची गोष्ट मला पाठ आहे असा पेशंट एक दिवस येतो, नुसता बसतो आणि गोळ्या घेऊन निघतो. गोष्ट नाही, चेष्टा नाही. विचारलं तर म्हणतो, "सोडा हो डॉक्टर, काय राहिलंय त्यात." ही शांतता मला रक्तदाबाच्या आकड्याइतकीच महत्त्वाची वाटते. ज्येष्ठांमधलं नैराश्य पुष्कळदा रडण्यातून दिसत नाही. भूक मंदावणं, पहाटे लवकर जाग येणं, अंगदुखी, चिडचिड आणि आवडीच्या गोष्टीतलं मन उडणं यातून ते दिसतं. नैराश्यावर उपचार आहेत आणि ते वयाच्या ऐंशीतही लागू पडतात.

केव्हा काळजी करावी?

तीच गोष्ट वेगवेगळ्या पाहुण्यांना, वेगवेगळ्या लग्नांत सांगणं हा आजार नाही. तसं असतं तर आपल्या प्रत्येक घरातला एक तरी काका ॲडमिट करावा लागला असता! मात्र पुढच्या गोष्टींकडे लक्ष ठेवा.

- दहा मिनिटांत तीच गोष्ट त्याच माणसाला पुन्हा. आत्ताच सांगितली याचं भानच नसेल, आणि जोडीला औषध घेतलं का, जेवलो का, हेही आठवत नसेल, तर तपासणी हवी. डिमेन्शियात ताज्या आठवणी आधी जातात आणि जुन्या बराच काळ टिकतात. म्हणूनच "बाबांना १९६५ चं सगळं आठवतं, त्यांची स्मरणशक्ती उत्तम आहे" हा निष्कर्ष धोक्याचा असतो. तपासणीत बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉईड, ऐकू येणं आणि नैराश्य हे बघायलाच हवं, कारण यांवर उपाय करता येतो. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता पुष्कळ आढळते.
- हातची गोष्टच हरवणं. शेकडो वेळा सांगितलेल्या गोष्टीत माणूस मध्येच अडकतो, रोजचे शब्द सापडत नाहीत, आपल्याच माणसांची नावं गळतात. हा बदल काही महिन्यांत झाला असेल तर दाखवून घ्या.
- अचानक नवं मोठेपण. कधीही बढाई न मारणारा माणूस आठवडाभरात म्हणू लागला की माझी थेट पंतप्रधानांशी ओळख आहे, मी कोट्यवधींचा धंदा उभारणार आहे. झोप दोन-तीन तासांवर आली, बोलणं थांबेना, पैसे उधळायला लागला, तर हा उन्माद म्हणजे मॅनिया असू शकतो. उतारवयात हे पहिल्यांदाच घडत असेल तर मेंदूचा आजार, थायरॉईड आणि स्टेरॉईडसारखी औषधं यांचाही विचार करावा लागतो.
- न घडलेल्या गोष्टी खऱ्या म्हणून सांगणं. वर्षानुवर्षं दारू आणि जोडीला अपुरा आहार असेल तर थायामिन म्हणजे बी-१ ची तीव्र कमतरता होते. मग स्मृतीतल्या रिकाम्या जागा मेंदू काल्पनिक घटनांनी भरतो. तो माणूस फसवत नसतो, त्याला ते खरंच वाटत असतं. सोबत चालताना तोल जात असेल, डोळ्यांची हालचाल बिघडली असेल किंवा गोंधळ वाढला असेल तर एक दिवसही वाट पाहू नका.
- काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुरू झालेला गोंधळ. काल नीट बोलणाऱ्या आजी आज स्वतःला माहेरी समजताहेत, दिवसा झोपताहेत आणि रात्री उठून बसताहेत. हे डेलिरियम असू शकतं. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, सोडियम कमी होणं, लघवी तुंबणं, नवं औषध अशी कारणं त्यामागे असतात. याला 'वयामुळे' म्हणू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

एक सावधगिरी सांगायला हवी. सगळ्या जुन्या गोष्टी सुखाच्या नसतात. पूर, भूकंप, दंगल यांची आठवण काढताना माणूस थरथरू लागला, रात्री दचकून उठू लागला, तर खोदून विचारू नका. तिथे मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्या.

एका स्वयंपाक्याची गोष्ट

मिरवायची गोष्ट समाजाच्या कामी कशी येते, याचं माझं आवडतं उदाहरण सोमालियातलं आहे. अली माओ मालिन हा मेर्का गावातल्या रुग्णालयात स्वयंपाकी होता. १९७७ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला देवी झाल्या. देवीच्या दोन रुग्णांना रस्ता दाखवायला तो थोडा वेळ गाडीत बसला होता, तेवढ्यात लागण झाली. लस टोचून घ्यायचं त्यानं टाळलं होतं, कारण टोचलं की दुखतं असं त्याला वाटायचं. तो बरा झाला, आणि नैसर्गिकरीत्या देवी झालेला जगातला शेवटचा माणूस म्हणून त्याचं नाव वैद्यकाच्या इतिहासात गेलं. १९८० साली जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं.

पुढे सोमालियात पोलिओची मोहीम सुरू झाली तेव्हा हा माणूस स्वयंसेवक म्हणून त्यात उतरला. लसीला घाबरणाऱ्या आईबापांना तो आपली गोष्ट सांगायचा: मी लस टाळली आणि देवीच्या बाबतीत माझा देश शेवटचा ठरला, पोलिओच्या बाबतीत तसं होऊ देऊ नका. २०१३ साली अशाच मोहिमेवर असताना त्याला मलेरिया झाला आणि त्यातच तो गेला. एखाद्या डॉक्टरनं दहा पोस्टर लावून जे साधलं नसतं, ते त्याची गोष्ट साधत असणार.

दुसरं उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हॅरिसन यांचं. रेल्वेत कारकुनी केलेला हा साधा माणूस. चौदाव्या वर्षी छातीच्या मोठ्या शस्त्रक्रियेत लोकांनी दिलेल्या रक्तावर तो वाचला. अठराव्या वर्षापासून तो स्वतः द्यायला लागला आणि वयाच्या ८१ व्या वर्षापर्यंत त्यानं १,१७३ वेळा दान केलं. त्याच्या प्लाझ्मात एक दुर्मीळ अँटिबॉडी होती. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असताना बाळाला जो धोका असतो, तो टाळणारं 'अँटी-डी' इंजेक्शन तिच्यापासून बनतं. २०२५ साली तो वारला. तुमच्याकडे कुणी "मी पन्नास वेळा रक्त दिलंय" म्हणत असेल तर त्यांना ते जोरात सांगू द्या. ऐकणाऱ्यांपैकी एखादा तरी उद्या रक्तपेढीत जाईल.

"माझं कसलं काय!"

आता मला सगळ्यात जास्त बोचणारी गोष्ट. "तुमची एखादी मिरवायची गोष्ट सांगा" असं म्हटलं की काका लगेच सुरू होतात आणि काकू पदर सावरत म्हणतात, "माझं कसलं काय डॉक्टर, घर एके घर." मग इकडचं तिकडचं बोलताना कळतं की त्यांनी नवऱ्याच्या आजारपणात शिवणकामावर चार मुलं शिकवली. सासूबाईंना सहा वर्षं अंथरुणावर सांभाळलं आणि त्यांच्या पाठीला एकही जखम होऊ दिली नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सहा वर्षं बेडसोअर होऊ न देणं म्हणजे काय, हे कुठल्याही नर्सला विचारा. चांगल्या रुग्णालयांनाही ते दरवेळी जमत नाही. पण या बाईंच्या हिशेबात ते 'काहीच नाही' असतं, कारण त्याबद्दल कुणी कधी विचारलंच नाही.

जी माणसं स्वतःच्या कामाला मोल देत नाहीत, ती स्वतःच्या दुखण्यालाही देत नाहीत असा माझा अनुभव आहे. अशा बायका छातीत दुखत असताना पोळ्या पूर्ण करून येतात. म्हणून हा प्रश्न त्यांना मुद्दाम, दोनदा विचारायला हवा.

पण वेळ कुठे आहे?

हा आक्षेप रास्त आहे. ओपीडीत साठ पेशंट असतात. तरीही दोन आकडे बघा. १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल यांनी अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या भेटी तपासल्या, तेव्हा पेशंट बोलायला लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच तोडतात असं आढळलं. २००२ साली स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी उलट प्रयोग केला. पेशंटला हवं तेवढं बोलू दिलं. सरासरी वेळ लागला ९२ सेकंद, आणि दर दहापैकी जवळपास आठ जण दोन मिनिटांच्या आत आपणहून थांबले. दोन मिनिटं माझ्याकडे असतात. माझ्या व्यवसायबंधूंकडेही असतात. घरी तर त्याहून जास्त असतात.

घरच्यांनी काय करावं?

- गोष्ट ऐकताना एखादा नवा प्रश्न विचारा. "त्या दिवशी जेवायला काय होतं?" "घरी कसे परत आलात?" तीच गोष्ट मग नवी होते, आणि तुम्हालाही कंटाळा येत नाही.
- चूक काढू नका. डिमेन्शिया असलेल्या माणसाला तर अजिबात नाही. तथ्य बरोबर करण्यापेक्षा त्यांचं मन शांत राहणं महत्त्वाचं.
- मोबाईलवर आवाज किंवा व्हिडिओ रेकॉर्ड करून ठेवा. त्यांना विचारून.
- जुने फोटो, जुनी गाणी, जुनी अवजारं हाताशी ठेवा. डिमेन्शियात अशा आठवणींच्या उपक्रमांनी मनःस्थिती, संवाद आणि जगण्याचा दर्जा थोडा सुधारू शकतो. फायदा माफक असतो आणि प्रत्येकाला सारखा होत नाही. म्हणून चालू औषधं बंद करू नका.
- रुग्णालयात ॲडमिट करताना एका कागदावर मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहून खाटेजवळ लावा: काय म्हणून हाक मारलेली आवडते, आयुष्यभर काय केलं, कशाचा अभिमान आहे, कशानं घाबरतात. ब्रिटनमध्ये अल्झायमर्स सोसायटी अशाच अर्थाचं छापील पत्रक देते. आपल्याकडे वहीचं पान पुरेसं आहे.

या शेवटच्या मुद्द्याबद्दल थोडं आग्रहानं सांगतो. नाकात नळी, हाताला सलाईन, अंगावर रुग्णालयाचा गाऊन असला की सगळी म्हातारी माणसं सारखीच दिसू लागतात. रात्रपाळीच्या वॉर्डबॉयला 'सात नंबर'ची चादर बदलायची असते. त्या खाटेजवळ "तीस वर्षं विनाअपघात एसटी चालवली" असं लिहिलेलं असेल, तर चादर बदलणारा हात थोडा हलका होतो आणि "काका, कुठल्या डेपोला होतात?" असा प्रश्न येतो. मी हे होताना पाहिलंय. त्या प्रश्नानं काकांचं सोडियम वाढत नाही. पण ते डोळे उघडतात, उत्तर देतात, आणि दिलेलं पेज दोन घास जास्त खातात.

तेव्हा पुढच्या वेळी आईवडिलांना तपासणीला आणाल तेव्हा रिपोर्ट, जुनी चिठ्ठी आणि चालू गोळ्या यांच्याबरोबर त्यांची ती गोष्टही आणा. डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्हीच एका वाक्यात सांगा. आणि त्यांना मधेच "पुरे आता" म्हणू नका. वेळ झाला असेल तर ते सांगायचं काम माझं.

*(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. वरीलपैकी कोणतीही लक्षणं आढळल्यास आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. लेखातील पेशंटची उदाहरणं ओळख पटणार नाही अशा रीतीनं बदलून दिली आहेत.)*